आधी पाणी, मग मासे

शोभेच्या माशांच्या दुकानात खालच्या रांगेतल्या एखाद्या टाकीत बोटभर लांबीचे काळे-चंदेरी मासे घोळक्याने काचेलगत फिरत असतात. टाकीवर चिकटवलेल्या कागदावर स्केचपेनाने ‘शार्क’ असं लिहिलेलं असतं. पोरं तिथेच खिळतात, आणि इतक्या थोड्या पैशांत शार्क घरी येतोय म्हटल्यावर आईबापांचा विरोधही फार वेळ टिकत नाही. हा मासा अर्थातच शार्क नाही. तो आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला, आपल्या शिंगाड्याच्या दूरच्या नात्यातला पंगासिअस. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो पांढरा, बिनकाट्याचा तुकडा ताटात पडतो, तो बहुतेक वेळा याच माशाचा असतो. पूर्ण वाढ झाली की त्याची लांबी मीटरभराच्या पुढे जाते. स्वभावाने भित्रा. दोन फुटी टाकीत तो दचकून काचेवर आपटत राहतो आणि काही महिन्यांत मरतो, किंवा मरत नाही आणि मग त्याचं करायचं काय हा प्रश्न पडतो.

शेजारच्या टाकीत काचेला तोंड चिकटवून बसलेला ‘सकर’ असतो. ‘घाण खातो, काच साफ ठेवतो’ अशी त्याची ख्याती. तो शेवाळ खातो हे खरं, पण तोच फूट-दीड फूट वाढतो आणि जितकं साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. कंटाळलेल्या लोकांनी तळ्यांत आणि नद्यांत सोडलेले सकर आज केरळ, आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगालच्या पाण्यांत पसरले आहेत. त्यांच्या खरबरीत, काटेरी अंगामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार मिळाला. तो पोहत आलेला नव्हता हे उघड आहे.

दुकानात दिसणारे बहुतेक मासे पिल्लं असतात, ही गोष्ट नवख्या माणसाला कुणी सांगत नाही. म्हणून दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही, ‘हा केवढा होतो?’ हा आहे. आणि दुसरा प्रश्न दुकानात विचारायचाच नाही, तो घरच्या नळाला विचारायचा.

मासे पाळू पाहणारा माणूस सहसा आधी मासा पसंत करतो, मग त्याच्यासाठी टाकी घेतो आणि घरी येऊन नळाखाली ती भरतो. हा क्रम उलटा केला तर निम्मा मत्स्यसंहार टळतो. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांचं पाणी येतं, पुण्याच्या बऱ्याच भागाला खडकवासल्याचं. पावसाचं, डोंगरउतारावरून धरणात साठलेलं हे पाणी मृदू असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार त्यात कमी. मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगरच्या पट्ट्यात जिथे बोअर आणि विहिरीवर भिस्त आहे, तिथलं पाणी खडकाच्या भेगांतून क्षार उचलत येतं आणि जड होतं. प्रयोगशाळेत न जाताही हे कळतं. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी पडते. पुण्याच्या उपनगरांतल्या सोसायट्यांची गंमत आणखी वेगळी. जानेवारीत धरणाचं पाणी, एप्रिलमध्ये टँकर आणि बोअरची भेळ. तिथे टाकी ठेवणाऱ्याने आपल्या नळाला वर्षभरात काय काय येतं ते वॉचमनला विचारून घेतलेलं बरं.

या पाण्यावर माशांची निवड ठरते. गप्पी, मॉली, प्लॅटी ही मंडळी जड पाण्यात खूश असतात. मृदू पाण्यात मॉली तर वर्षानुवर्षं कुरकुरतच जगते, पंख मिटून जागच्या जागी हेलकावे खात राहते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले निऑन टेट्रासारखे मासे मृदू, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. आज विकले जाणारे जवळपास सगळे निऑन फार्मवर पैदास झालेले असतात आणि पूर्वजांइतके हट्टी नसतात, तरी लातूरच्या बोअरवर निऑन आणि दादरच्या नळावर मॉली ठेवण्याचा अट्टहास नवख्याने का करावा? आरओचं पाणी भरून हा प्रश्न सोडवायची कल्पना अनेकांना सुचते. त्यात क्षार इतके कमी उरतात की पाण्याचा पीएच सांभाळायला काहीच शिल्लक राहत नाही, तो एकाएकी घसरू शकतो. नळाच्या पाण्यात थोडं मिसळून जडपणा कमी करायला आरओ ठीक आहे. नुसत्या आरओवर मासे ठेवू नयेत.

नळाच्या पाण्यात क्लोरीनही असतं. ते माशांचे कल्ले जाळतं. बादली उघडी ठेवून एअर पंपाने हवा दिली तर दिवसाभरात साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात ‘अँटिक्लोरीन’ म्हणून मिळणारे थेंब काम करतात. त्यातलं सोडियम थायोसल्फेट क्लोरीनला निष्प्रभ करतं.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, काचेच्या टाकीत जायला वाट नसते. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर हळूहळू जिवाणू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही रसायनं माशांना विषारी आहेत; नायट्रेट बऱ्यापैकी सौम्य आहे, झाडं ते खतासारखं वापरतात आणि उरलेलं पाणी बदलताना निघून जातं. ही जिवाणूंची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नागपूरच्या उन्हाळ्यात थोडे कमी, नाशिकच्या थंडीत जास्त. शनिवारी टाकी आणून शनिवारीच त्यात मासे सोडले की पुढच्या आठवड्यात ते वर येऊन हपापल्यासारखे श्वास घेऊ लागतात, कल्ले लाल होतात, आणि घरात ‘आपल्याला मासे लाभत नाहीत’ असं ठरतं. लाभायचा प्रश्नच नसतो, अमोनिया साठलेला असतो. जड पाण्याचा पीएच सहसा चढा असतो आणि चढ्या पीएचला अमोनियाचा विषारी अंश वाढतो, म्हणून बोअरवाल्यांनी इथे दुप्पट सबुरी धरावी.

सबुरी म्हणजे करायचं काय? टाकी लावायची, फिल्टर चालू करायचा, झाडं लावायची आणि मासे आणायचेच नाहीत. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना शिधा मिळतो. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंज आपल्या टाकीत पिळला किंवा चार दिवस ठेवला तर काम निम्म्यावर येतं. अमोनिया आणि नायट्राइट मोजायची थेंबांची किट मिळते. दोन्ही शून्यावर आली की पहिले मासे आणायचे. पोरांना रिकामी टाकी महिनाभर दाखवणं अवघड आहे हे मान्य. झाडं लावलेली असली तर ती निदान रिकामी दिसत नाही.

आपल्याकडे मात्र बरोबर उलटी पद्धत रुजली आहे. दर पंधरा दिवसांनी दुकानातला मुलगा येतो, मासे बादलीत काढतो, टाकी पूर्ण रिकामी करतो, खडी नळाखाली रगडून धुतो, स्पंज पांढराशुभ्र करतो, सगळं परत भरतो आणि वर निळ्या-पिवळ्या औषधाचे थेंब टाकून जातो. टाकी चकाचक दिसते आणि जिवाणूंची वस्ती पुन्हा पहिल्या दिवसावर येते. निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. बुरशी आणि काही परजीवींवर ते उपयोगी आहे, पण चालत्या टाकीत ओतलं तर उपयुक्त जिवाणूंनाही मारतं, झाडांनाही मानवत नाही. योग्य रीत कमी कष्टाची आहे: आठवड्याला पाव भाग पाणी नळीने तळातून ओढून काढायचं, तितकंच क्लोरीन घालवलेलं पाणी भरायचं, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. खडी रंगीत प्लास्टिकच्या थराची नसून साधी नदीची असेल तर आणखी चांगलं.

टाकी केवढी असावी? जागा आणि खिसा परवानगी देईल तेवढी मोठी. बाउल नकोच. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत ५५ लिटरच्या आसपास पाणी मावतं, खडी आणि काच धरून वजन ७० किलोच्या पुढे जातं. टीव्हीच्या फळीवर ती ठेवता येत नाही. लहान टाकी सांभाळायला सोपी वाटते, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर तापतं, लवकर बिघडतं. गोल बाउलचा प्रश्न तर सरकारदरबारीही पोचला होता. २०१७ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी काढलेल्या नियमांत मासे बाउलमध्ये ठेवायला मनाई केली होती. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि ते नियम मागे घेतले गेले. बाउल दुकानात राहिले.

बाउल म्हटलं की त्यात गोल्डफिश हवाच, आणि वास्तुवाल्यांच्या सल्ल्याने तर आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ. इथे थोडं कठोर व्हावं लागेल. गोल्डफिश हा नवख्याचा मासा नाही. चीनमध्ये हजारएक वर्षांपूर्वी कार्प माशापासून निवडून निवडून तयार झालेला हा थंड पाण्याचा जीव आहे; नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो, वीतभर वाढतो आणि दिवसभर खातो-हगतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या जवळ. चंद्रपूरच्या मे महिन्यात बाउलमधल्या गोल्डफिशच्या वाट्याला काय येतं ते यावरून कळावं. ज्याला गोल्डफिशच हवा आहे त्याने चार फुटी टाकी, दोन मासे आणि दणकट फिल्टर असा हिशोब धरावा. नऊचा आकडा मनातून काढून टाकावा, किंवा नऊ गप्पी ठेवावेत. वास्तूला चालत असेल तर.

मग नवख्याने आणावं काय?

पहिलं नाव झेब्राचं. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा, दीड इंची, दिवसभर धावपळ करणारा हा मासा दुकानात सगळ्यात स्वस्त असतो आणि म्हणूनच त्याला कुणी भाव देत नाही. तो आपल्याच उपखंडातला आहे. ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला असलेला स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. भातखाचरं, ओहोळ, पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात तापणारी डबकी हे त्याचं मूळ घर, त्यामुळे १८ ते २८ अंशांतलं पाणी तो सहज सोसतो, जड-मृदूचीही फारशी तक्रार करत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगरने त्याला प्रयोगशाळेत नेलं. अंडी पारदर्शक, गर्भाची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांदेखत होते, आणि २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आज याच माशावर काम चालतं. दुकानातल्या त्या स्वस्त टाकीकडे बघण्याची नजर एवढ्याने बदलायला हरकत नाही. झेब्रा मात्र एकटा-दुकटा आणू नये. हा थव्याचा मासा. सहा ते आठ तरी हवेत. दोनच ठेवले तर एक दुसऱ्याचा दिवसभर पाठलाग करतो. टाकीला झाकणही हवं, कारण तो उड्या मारतो आणि सकाळी फरशीवर सुकलेला सापडतो.

गप्पीबद्दल सांगायला नको, इतका तो महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदादकडचा हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डासांच्या अळ्या खाण्यासाठी भारतात आणला गेला. आजही पावसाळ्याच्या तोंडावर पालिकांचे आणि जिल्हा परिषदांचे आरोग्य कर्मचारी विहिरींत, हौदांत गप्पी सोडताना दिसतात. जड पाणी, उष्णता, थोडीफार हयगय, सगळं तो निभावून नेतो. अडचण एकच, तो अंडी न घालता थेट पिल्लं देतो आणि मादी महिन्याकाठी दोन-तीन डझन पिल्लं सहज टाकते. दुकानातून फक्त माद्या आणल्या तरी उपयोग नाही. एकदा मिळालेलं नराचं वीर्य ती महिनोन्‌महिने साठवून ठेवते आणि नर नसतानाही पिल्लं देत राहते. चैत्रात आणलेली जोडी दसऱ्यापर्यंत टाकी भरते आणि मग ‘जरा नाल्यात सोडून देऊ’ असा विचार घरात सुरू होतो. तो करू नये. ओढ्यांतल्या देशी माशांना आणि बेडकांच्या पिल्लांना गप्पी तापदायक ठरतात. सोपा उपाय म्हणजे फक्त नर आणणे. रंगीत शेपटीचे असतात ते नरच, तेव्हा नुकसान काहीच नाही.

लहान टाकी, म्हणजे २०-२५ लिटरची, ज्यांच्या नशिबी आहे त्यांच्यासाठी फायटर. थायलंडकडच्या भातखाचरांतला हा मासा पाण्याबाहेरची हवाही श्वासाला वापरतो; डोक्यात कल्ल्यांच्या वर त्यासाठी वेगळा अवयव असतो. म्हणून दुकानदार त्याला ग्लासभर पाण्यात ठेवू शकतात, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की त्याला तेवढंच पुरतं. ग्लासात तो जगतो इतकंच. मोठ्या टाकीत, रुंद पानांच्या सावलीत ठेवलेला फायटर दोन आठवड्यांत ओळखू न येण्याइतका बदलतो: पंख उघडतो, हद्द आखून फेऱ्या मारतो, पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. एका टाकीत एकच नर. सोबतीला लांब शेपटीचे गप्पी ठेवू नयेत, त्यांना तो प्रतिस्पर्धी समजतो.

दोन फुटी टाकीत देखणा असा एखादा ‘राजा’ मासा हवा असेल तर हनी गोरामी घ्यावा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या सपाट प्रदेशातला, मधाच्या रंगाचा, शांत. त्याचा अधिक झगझगीत भाऊ ड्वार्फ गोरामी दुकानात जास्त दिसतो, पण त्याच्या फार्मवरच्या पिढ्यांत एका विषाणूचा प्रादुर्भाव बराच असतो आणि त्यावर औषध नाही. मृदू पाणी असेल तर जिवाणूंची वस्ती पक्की झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आठ-दहा निऑन. तळाशी वाळू असेल तर सहा कोरीडोरास. हा मिशाळ जीव वाळूत नाक खुपसून खातो, टोकदार खडीवर त्याच्या मिशा झिजतात.

टाळायच्या यादीत एंजल आहे, कारण तो मोठा झाल्यावर निऑन गिळतो. टायगर बार्ब आहे, कारण तो इतरांच्या पंखांचे लचके तोडतो. ऑस्कर, कोई आणि फ्लॉवरहॉर्न आहेत, कारण त्यांना टाकी नाही, हौद लागतो. आणि गुलाबी-हिरव्या-निळ्या रंगांत येणारे पारदर्शक ‘डिस्को’ मासे आहेत. हा मुळात आपल्याकडचा काचमासा, अंगातून काटे दिसतील इतका पारदर्शक आणि तसाच सुंदर. त्याच्या अंगात सुईने रंग टोचून तो विकायची पद्धत जगभर कुप्रसिद्ध आहे. रंग काही महिन्यांत ओसरतो. त्याआधी बरेच मासे मरतात.

देशी म्हणून सगळंच विकत घ्यावं असंही नाही. लाल-काळ्या पट्ट्याचा ‘मिस केरळ’ पश्चिम घाटातल्या केरळच्या नद्यांतला. परदेशी हौशी लोकांसाठी नद्यांतून इतका उपसला गेला की तो आज संकटग्रस्त गणला जातो. शिवाय तो चपळ, पाच-सहा इंची, थव्याने राहणारा मासा. त्याला वाहतं पाणी आणि चार फुटांची लांबी लागते. नवख्याच्या टाकीत त्याचं काम नाही.

झाडांकडे मराठी घरांत अजून सजावट म्हणून पाहिलं जातं आणि प्लास्टिकचं झाड धुवायला सोपं पडतं. पण ज्या प्रयोगातून आजची घरगुती टाकी जन्माला आली, त्याच्या मुळाशी झाडच होतं. १८५० च्या सुमारास लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने एका भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. झाडाची जुनी पानं कुजून पाणी खराब होऊ लागलं तेव्हा त्यात गोगलगायी सोडल्या, आणि तोल जमला. माशांनी सोडलेलं झाडांनी घ्यायचं आणि झाडांनी कुजवलेलं गोगलगायींनी, असं ते चक्र. जिवाणूंची भूमिका त्याला माहीत नव्हती, पण निरीक्षण पक्कं होतं.

तीच व्हॅलिस्नेरिया आजही नवख्यासाठी सर्वांत भरवशाची. लांब, फितीसारखी हिरवी पानं, आपल्या तळ्यांतही सापडणारी, जड पाणी तर तिला आवडतंच. लावताना पांढऱ्या मुळ्या वाळूत घालाव्यात आणि पानं जिथून फुटतात तो कोंब वर ठेवावा. तो गाडला की कुजतो. पहिले तीन आठवडे काहीच होत नाही, किंबहुना जुनी पानं पिवळी पडून विरघळतात. मग एका दिवशी मुळापासून आडवा धागा निघालेला दिसतो आणि त्याच्या टोकाला बोटभर नवं रोप. तो धागा तोडायची घाई करू नये. नवं रोप मुळं धरून स्वतःच्या पायावर उभं राहिलं की मग कात्री चालवावी.

हायड्रिला शाळेतल्या प्रयोगामुळे सगळ्यांच्या परिचयाची: चंचुपात्र, नरसाळं, उपडी परीक्षानळी आणि बुडबुडे. नव्या टाकीत तिचा खरा उपयोग असा की ती भराभर वाढते आणि वाढताना अमोनिया शोषते, म्हणजे पहिल्या कठीण आठवड्यांत ती जिवाणूंच्या आधी कामाला लागते. दर आठवड्याला छाटावी लागते, हा तिचा दोष. छाटलेला भाग कचऱ्यात टाकावा, गटारात नाही.

ज्यांना छाटणी, खत, माती यातलं काहीच नको त्यांच्यासाठी अ‍ॅन्युबिअस आणि जावा फर्न. अ‍ॅन्युबिअस आफ्रिकेतली, जावा फर्न आग्नेय आशियातली, आणि दोघींची मागणी एकच: जाड खोड मातीत पुरू नका. शिवणाच्या दोऱ्याने ते लाकडाला किंवा दगडाला बांधून सोडावं, दोन महिन्यांत मुळं आपसूक पकड घेतात. नवख्यांच्या हातून मरणाऱ्या अ‍ॅन्युबिअस बहुधा पुरल्यामुळेच मरतात. क्रिप्टोकोरीन हा गट मात्र मातीत लावायचा. त्याची नवी रोपं टाकीत आल्यावर सगळी पानं गाळतात, जेलीसारखी विरघळतात आणि मालक उपटून टाकतो. मूळ जिवंत असतं. तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात. रोपवाटिकेत ही झाडं बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात, म्हणून पाण्याखाली गेल्यावर ती पानं टाकून पाण्याला साजेशी नवी घडवतात.

क्रिप्टोकोरीनशी आपलं नातंही आहे. कोकणातल्या ओढ्यांत आणि नद्यांच्या काठांवर तिच्या जाती रानात वाढतात, आणि त्यांतली क्रिप्टोकोरीन कॉग्नाटा तर दक्षिण कोकणाबाहेर कुठे नाही. कास पठारावरच्या डबक्यांत येणारा वायतुराही असाच पाणवनस्पतींतला, साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारा. सहलीला गेलेल्या हौशी माणसाला तो पिशवीत घालून न्यायचा मोह होऊ शकतो. दुर्मीळ आहे, आणि दोन फुटी टाकीत जगणारही नाही. दुसऱ्या टोकाला जलपर्णी: फुकट मिळते, फुलते छान, आणि पवना, इंद्रायणी, पंचगंगेचं तिने काय केलं आहे ते काठावर राहणाऱ्यांना माहीत आहे. घरच्या टाकीत तिला जागा देऊ नये.

प्रकाश सहा ते आठ तास पुरे, तोही टायमरवर. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवली की महिन्याभरात पाणी हिरवं होतं आणि मग सकर आणायचा मोह होतो.

प्रत्यक्ष खरेदीच्या दिवशी दुकानात पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट असो की गल्लीतलं दुकान, तपासणी तीच. एकाच टाकीतला एक मासा मेलेला दिसला तर त्या टाकीतला दुसरा घेऊ नये. पंख पसरलेले हवेत, पोट खपाटीला गेलेलं नको, आणि अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके मुळीच नकोत. तो परजीवीचा रोग आहे आणि तो अख्ख्या टाकीला लागतो. दुकानदाराला त्यांना चार दाणे टाकायला सांगावं. खायला धावणारे मासे घ्यावेत. आपल्याकडचा बराच माल चेन्नईच्या कोळत्तूर आणि कोलकात्याच्या परिसरातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून लांबचा प्रवास करून येतो, त्यामुळे ‘आजच आलाय, ताजा माल’ हे माशांच्या बाबतीत न घेण्याचं कारण आहे. आठवडाभर दुकानात टिकलेला मासा घ्यावा.

घरी आणलेली पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवावी, मग दर पाच-दहा मिनिटांनी टाकीतलं थोडं पाणी पिशवीत घालत जावं. शेवटी मासा जाळीने उचलून टाकीत सोडावा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतावं, टाकीत नाही. पहिल्या खेपेला पाच-सहा मासे, पुढची खेप दोन-तीन आठवड्यांनी. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात आजोबा, नातू आणि कामाला येणाऱ्या मावशी अशा तिघांनाही माशांचा लळा लागलेला असेल तर खाद्याचा डबा कपाटात ठेवणं हा एकमेव उपाय.

वीज गेली तर पहिले एक-दोन तास फार चिंता नसते. त्यापुढे मगाने टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत ओतत राहिलं तरी हवा मिसळते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, खेड्यापाड्यात तो घेऊन ठेवावा. हवेतून श्वास घेणारे फायटर आणि गोरामी अशा वेळी इतरांपेक्षा निभावून नेतात, भारनियमनाच्या गावात त्यांना झुकतं माप देण्याचं हेही एक कारण.

दिवाळीला आठवडाभर गावी जायचं असेल तर वाढ झालेल्या निरोगी माशांना उपास मानवतो. जाण्याआधी पाणी बदलावं, झाडांचा दिवा टायमरवर ठेवावा, आणि त्या आठवड्यात नवा मासा आणू नये. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायचीच असेल तर खाद्याचा डबा बरोबर घेऊन जावा; त्यांनी वीज येऊन-जाऊन झाल्यावर फिल्टर पुन्हा सुरू झाला की नाही, एवढंच बघावं.